आजीचं चाक

कपडे धुण्याच्या मशीनने तीनदा टीं टीं टीं केलं, तसा स्वयंपाकघरात लिहीत बसलेला दादा दचकला. ठमी जागची हलली नाही. मशीनमध्ये आईचा निळा स्वेटर होता. दवाखान्याने तो पिशवीत घालून दिला होता आणि आठ दिवस ती पिशवी दाराआड तशीच लोंबत होती. आज सकाळी ठमीने मन घट्ट करून ती रिकामी केली. मघापासून मशीनच्या काचेवर आकडे उतरत होते, चाळीस मिनिटं, बारा, तीन. अजून किती थांबायचं ते सांगावं, एवढी रीत त्या मेल्या पत्र्याच्या डब्यालाही होती.

दादाने पुढ्यातला कागद तिच्याकडे सरकवला. वर दवाखान्याच्या वरिष्ठांचं नाव, खाली चौकशीच्या खिडकीतल्या बाईविरुद्ध तक्रार. अर्धा कागद त्याने रागारागात भरून टाकला होता. उरलेला तिच्यासाठी ठेवला होता.

"ठमे, कॉम्प्युटरचं तेवढं तू लिही. तू त्यातली आहेस. त्या बाईला घरी बसवल्याशिवाय मी सोडत नाही."

ठमी त्यातलीच होती. कंपनीत ती वेबसाइटवरचे तक्ते बांधायची, नावांचे, तारखांचे, खाटांचे. माहिती लांबच्या कुठल्यातरी मशीनमधून येते आणि यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात रिकाम्या तक्त्यावर एक छोटं चाक फिरत ठेवायचं, हा त्या कामातला पहिला धडा. तिने तो चिंगीलाही शिकवला होता. पाळणाघराला सुट्टी असली की पाच वर्षांची ही लेक तिच्या मांडीवरच बसायची. चाक फिरतंय म्हणजे आत कुणीतरी शोधतंय, आपण गुपचूप थांबायचं. चाकाचा जांभळा रंगसुद्धा चिंगीने निवडलेला. मग तो खेळ आजीने, म्हणजे ठमीच्या आईने, उचलला. चष्मा सापडत नसला, कुणाचं नाव ओठांवर येऊन अडलं, की आजी तर्जनी हवेत गोल फिरवायची आणि म्हणायची, थांबा गं, चाक फिरतंय. कधीकधी सगळं जेवण थंड होईपर्यंत तिचं चाक फिरायचं आणि दोघी मायलेकी हसून बेजार व्हायच्या. दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याच्यापर्यंत हा खेळ पोचलाच नव्हता.

दवाखान्याचा तक्ताही ठमीनेच बांधला होता. खिडकीतल्या बाईने नाव टाकलं की पेशंट कुठल्या मजल्यावर, कुठल्या खाटेवर ते दिसायचं. काम हातावेगळं करायच्या दिवशी तिथले व्यवस्थापक आले आणि चाकावर नाराज झाले. म्हणाले, हे गरगरणारं बघून लोकांना वाटतं आमचा कारभार मंद आहे. ठमीच्या साहेबांनी मान डोलावली आणि तिला म्हणाले, काढून टाक. ठमीने सांगून पाहिलं की चाक काढलं तर नावं येईपर्यंत तक्ता रिकामा दिसेल, आणि रिकाम्या तक्त्यावर आपोआप 'एकही नोंद आढळली नाही' असं येतं. ते वाक्य खरोखरच कुणी नसेल तेव्हासाठी आहे. साहेबांनी तिथल्या तिथे एक नाव टाकून दाखवलं. कंपनीच्या जलद लाइनवर नाव पापणी लवायच्या आत आलं. "बघ," ते म्हणाले, "तुझं वाक्य वाचायला तरी कुणाला मिळतंय का?"

पावणेसहा झाले होते. सहाला पाळणाघर बंद व्हायचं आणि उशीर झाला की तिथल्या मावशी चिंगीला चपला घालून दारात उभी करायच्या. ठमीने चाक फिरवणाऱ्या कोडच्या सात ओळी पुसल्या, पर्स उचलली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं. त्या ओळी ती विसरूनही गेली.

मग तो दिवस उजाडला. आजी चिंगीच्या बुटांचा तुटलेला बंद शिवून आणायला गेली आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून पडली. डोक्याला मार लागला, फोनचा चुरा झाला. दुकानदाराने ओळखीतून दादाचा नंबर मिळवला, पण ॲम्ब्युलन्स तिला कुठल्या दवाखान्यात घेऊन गेली हे काही त्याला सांगता येईना. गावात चार दवाखाने. दादा आधी जवळच्या दवाखान्यात गेला. रांग दारापर्यंत आली होती. खिडकीतल्या बाईने आईचं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. दादाने परत विचारलं. तिने परत टाकलं, परत नाही. मागचे लोक ढकलायला लागले. तेव्हा दादाने तिथूनच ठमीला फोन लावला, की ही बाई नाही म्हणतेय, खरं मानू का?

ठमी तेव्हा एका मीटिंगमध्ये होती. दबक्या आवाजात, थोड्या अभिमानानेच ती म्हणाली, "दादा, तो तक्ता मी बांधलाय. त्यात नाही म्हणजे नाही. तिथे वेळ घालवू नकोस, पुढचा दवाखाना बघ."

आई दोन मजले वर होती. शुद्धीवर होती, स्वतःचं नाव तिने स्वतः सांगितलं होतं. दादा उरलेले तिन्ही दवाखाने पालथे घालून परत आला तोवर अडीच तास झाले होते आणि आईला जाऊन वीस मिनिटं. ठमीही धावत आली होती. नर्स दोघांना सांगत होती की आजी सारख्या म्हणायच्या, माझा मुलगा शोधत असेल. नर्स त्यांना म्हणायची, खाली कॉम्प्युटरवर नाव आहे तुमचं, येईलच तो. शेवटी बोलणं गेलं. मग नुसतं एक बोट हवेत गोल गोल फिरवत राहिल्या. डोक्याच्या माराने होतं असं, नर्स म्हणाली. दादाने मान हलवली. ठमीला ते बोट ओळखीचं होतं.

दोन दिवसांनी ती कागदपत्रं आणायला एकटीच गेली. खिडकीच्या काचेत तिचाच तक्ता होता, तिनेच आखलेल्या फिकट रेघा. तिच्या पुढच्या माणसाचं नाव टाकलं गेलं आणि पडद्यावर आलं, 'एकही नोंद आढळली नाही'. ठमीने मनात आकडे मोजले. सातव्या आकड्याला नाव उमटलं. तोवर बाईने त्या माणसाला नाही म्हणून सांगूनही टाकलं होतं.

ही कोण आहे ते बाईला कागदांवरून कळलं, तशी ती खुर्चीवरून उठली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे एका लहान मुलाचा फोटो खोचलेला होता. "ताई, लेकराची शपथ घेऊन सांगते, नोंद नाही असंच लिहिलं होतं हो. मी वाचून सांगितलं. माझं कुणी खरं मानत नाही."

ठमीने कागद घेतले, पिशवीत ठेवले आणि निघाली. त्याच संध्याकाळी तिने त्या सात ओळी परत घातल्या. कुणाला विचारलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. जांभळं चाक पुन्हा फिरायला लागलं. आता उद्या चौकशीला माणसं बसली की खिडकीपाशी उभी राहून आपल्या डोळ्यांनी बघतील, चाक फिरतंय, मग नाव येतंय. बाई खोटारडी ठरेल. हे ठमीला त्या ओळी घालतानाही कळत होतं.

"लिही ना," दादा म्हणाला. "तूच फोनवर म्हणालीस, तक्ता चुकत नाही. म्हणजे बाई चुकली. यात विचार कसला करायचाय? पुढे व्हा म्हणाली मला. पुढे व्हा म्हणे."

ठमीने पेन उचललं. दादा समोरच होता, हातभर अंतरावर. चार शब्द बोलायचे होते फक्त. ते जिभेवर आलेही. पण त्यानंतर दादाचा चेहरा कसा होईल ते तिला दिसलं. मग तिने वळणदार अक्षरात लिहिलं, की संगणकावर नाव उपलब्ध होतं, कर्मचाऱ्याने पुरेसं थांबून पाहिलं नाही. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

दादाने कागद वाचला, घडी केली. त्याचे डोळे भरून आले. "शेवटी एकटी पडली होती गं," तो म्हणाला. "बोट फिरवत होती नुसती. असं."

आणि त्याने बोट हवेत गोल फिरवून दाखवलं.

चिंगी मशीनपाशी बसून काचेतून आत बघत होती, आजीचा स्वेटर कुठे दिसतो का म्हणून. ती उठून आली, मामाच्या बोटाकडे टक लावून पाहिलं, मग ठमीच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आजी तर चाक फिरवत होती. मग मामा थांबला का नाही?"