फोन कोणी हिसकावला नाही

आघाडीवरून पोराचा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकून कपड्यांच्या थप्पीवर ठेवी. मग शेजारच्या टेबलावर इस्त्री फिरवणाऱ्या काकूंनाही ऐकू जाई. काकूंचा मुलगा त्याच तुकडीत होता. दोघं वाढलेही एकत्रच. पोरगा दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच काकूंचा मुलगा फोन हिसकावून ओरडायचा, "आई, ह्याचं घोरणं ऐकूनच शत्रू पळतोय!"

आज पोराने गल्लीच्या बातम्या मागायचा सपाटाच लावला. आई म्हणाली, "न्हाव्याने पुन्हा लग्न केलं. मेल्याच्या डोक्यावर केस नाही, पण हौस बघा!" ताईचा सासरा बरा होता. नळाला पाणी येत होतं. एरवी निम्म्यात कंटाळणारा पोरगा आज म्हणत होता, "अजून सांग." त्याने लंगड्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी केली.

फोन मात्र कोणी हिसकावला नाही.

"आमचा दिवटा कुठं उलथलाय?" काकूंनी हसतच विचारलं.

"आणि त्या गवंड्याचं ऐकलंस का," पोराने तोंड उघडायच्या आत आई उगाच बडबडू लागली.

"फोन काकूंना दे," तो म्हणाला.

काकूंनी हात पदराला पुसून फोन उचलला. "बोल रे."

जन्मभर त्यांना काकू म्हणत आलेला तो पोरगा म्हणाला, "आई, मी आहे ना तुला."

आईने हात लांब करून काकूंच्या टेबलावरची इस्त्री बंद केली.