लहानीच्या डोहातली थोरली

त्या सकाळी माझ्या पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे दिसले नाहीत. झालं ते एवढंच. पण मी दचकले. रोज उजाडलं की ते डोहाच्या कडेनं नाचतात आणि त्यांच्या पायांच्या गुदगुल्यांनी मी जागी होते. त्या दिवशी पाणी सपाट होतं, पुसून पालथ्या घातलेल्या ताटासारखं.

मी नदी आहे. नदी म्हणवून घ्यायलाही संकोच वाटतो, कारण नकाशात मला नाव नाही. चोपड्याकडची माणसं मला ‘लहानी’ म्हणतात आणि तेच मी धरून बसले आहे. स्वभावानं भित्री. बैल अचानक पाण्यात उतरला, काठावर कुणी मोठ्यानं हसलं, तरी माझ्या अंगावर शहारा येतो.

सातपुड्यात पावरा लोकांच्या एका पाड्यामागे, अंजनाच्या मुळांखालून मी निघते. तिथं मी ओंजळभर. मोह फुलला की अस्वलं येतात, पाणी पितात आणि हुंगत निघून जातात. मग मी खडकांतून उड्या टाकत उतरते. काठाला जांभूळ, करंज. फांदीवर खंड्या, पाण्यात एका पायावर ढोकरी बगळा, आणि कधीमधी पाणमांजरांची जोडी. डोंगर संपला की एकदम काळी जमीन, केळी, कपाशी. तिथं मला धाप लागते. उन्हाळ्यात तर पोत तुटून मणी सांडावेत तसे माझे नुसते डोह उरतात. शेवटी मी तापीत शिरते. कोण आलं, म्हणून ती विचारतही नाही.

पण तिच्यातून कुणीतरी उलटं माझ्याकडे येतं, म्हणून मला वाहावंसं वाटतं. खडस मासे. सोनेरी खवल्यांचे, जाड ओठांचे. पूर आला की ते धारेला तोंड देत चढतात, खडकावर आपटतात, पुन्हा चढतात आणि वरच्या खडीत अंडी घालतात. त्यांत एक मादी आहे, शेपटीला खाच पडलेली. तिला मी थोरली म्हणते. बाकीचे तिच्यामागून वाट शिकतात. यंदा, एक्क्याण्णव साली, पावसानं मधेच ओढ दिली आणि थोरली गावाजवळच्या डोहात अडकली. पोटात अंडी घेऊन.

पोळा झाला आणि कपाशीवर फवारणी सुरू झाली. डोहाच्या वर, करंजाच्या वळणापाशी, लोटन, त्याचा चुलतभाऊ अभिमन आणि त्यांचा मजूर भिकन पाठीवरचे पंप माझ्यात धुऊ लागले. तळाशी उरलेलं औषध ओतायचं, पंप बुडवायचा, खळखळून पुन्हा ओतायचा. त्यांच्या मनात पाप नव्हतं. वाहतं पाणी आहे, जाईल वाहून, असं माणसं म्हणतात. कुठे नेऊ मी? खाली डोहच आहे ना.

किड्यांनंतर झिंगे. ते पाणी सोडून दगडांवर चढून बसले. मग मासे वर आले, तोंडं उघडी टाकून.

डोहाच्या काठी देवीचा शेंदरी दगड आहे. म्हणून इथं कुणी गळ टाकत नाही, उलट बाया माशांना पिठाच्या गोळ्या घालतात. लोटनची आई झुंबरबाई रोजच येते. ती हरखली.

“देवी पावनी वं लिला! दख, कसा तोंड वर करी राह्यनात! भुक्या शेतस बिचारा.”

तिची सून लिलाबाई दगडावर धुणं आपटत होती. ती थांबली. “आत्याबाई, त्यासनी कालदिन बी खाधं नही. पीठ तसंच शे.”

“तू काय मासासनी डॉक्टर शे का? धुनं धू.”

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं दुप्पट पीठ आणलं.

मला गळा नाही. हाक मारायची म्हणजे काय करू? मी फेस लिलाबाईच्या पायांशी नेला. तिनं पाय झटकले. माशांची मेलेली बोटाएवढी पोरं एकेक करून तिच्या दगडाला लावली. तिनं ती हळूच बाजूला सारली. चार दिवस मी हाका मारत होते. दमले. एकदा वाटलं, सोडून द्यावं. पण थोरली वर आली होती. कुशीवर कलायची, सावरायची, पुन्हा कलायची. ती गेली तर पुढच्या वर्षी वर यायची वाट कुणाला ठाऊक असणार?

माझं मागणं फार नाही. पंप धुवायला हवं तेवढं पाणी बादलीनं न्या. फक्त ते शेतातच ओता.

आज सकाळी लिलाबाईनं लोटनचा सदरा भिजवला. पिळताना तोंड फिरवलं, कारण औषधाचा वास तिला सोसत नाही. मग एकदम थांबली. सदरा नाकाशी धरला. वाकून ओंजळभर मला उचललं, हुंगलं. पुन्हा सदरा. पुन्हा मी.

“आत्याबाई,” ती हळूच म्हणाली, “हाऊ तोच वास शे.”

तिनं वर, वळणाकडे पाहिलं. ओला सदरा हातात तसाच ठेवून ती गोट्यांवरून धावत सुटली. पलीकडच्या काठाला तिघं पंप उतरवून बसले होते. लोटननं झाकण फिरवून काढलं होतं.

“अहो! आयका!” लिलाबाई ओरडली.

तिघांनीही माना वर केल्या.

“कोनी बायको बलाई राह्यनी रे?” अभिमन म्हणाला. “मनी तं माहेरले गयी शे.”

“मनाकडे काय दखतस?” भिकन म्हणाला. “मनं तं लगीनच व्हयनं नही!”

लोटन हसला आणि हसता हसता त्यानं पंप माझ्यावर कलता केला.

या काठावर कुठल्याही बाईनं नवऱ्याला नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. उखाण्यात घेतात, ते वेगळं. तेही पदर तोंडावर ओढून.

“लोटन!”

आवाज काठांवर आपटला. भिकनचं हसू तोंडातच राहिलं. मागून धापा टाकत आलेली झुंबरबाई किंचाळली, “नवरानं नाव लेस का वं!”

“लोटन! सांडू नका!” लिलाबाई सदरा उंच धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली. तिनं पायांची बोटं माझ्या गोट्यांत रोवली. “मासा मरी राह्यनात बठ्ठा! हाई औषधवरी!”

खाली डोहात थोरली कुशीवर होती. कल्ला एकदा उघडला, मिटला.

पंपाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता.

लोटननं पंप सरळ केला. झाकण शोधलं, बसवलं, गच्च फिरवलं. मग बायकोकडे बघत, जन्मात पहिल्यांदाच कुणी नावानं हाक मारली असावी अशा आवाजात, तो म्हणाला,

“ओ!”