आत्याच्या हातचं

बेटावरच्या चर्चमधली रविवारची प्रार्थना आटोपली. जमिनीतल्या भट्टीवरची माती सारून नणंदेने, वाइसिमाने, पानांची पुडकी बाहेर काढली, तेव्हाच लोसालिनेला कळून चुकले की आज सुटका नाही. अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजलेले मेंढीचे चरबीदार मांस. आणि सर्वांत मोठे पुडके तिच्याच पुढ्यात.

तिला सातवा महिना लागला होता. शुक्रवारीच दवाखान्यातल्या नर्सने बजावले होते, "साखर चढलीय तुझी. तू खातेस ते बाळापर्यंत पोचतं. आत्ता सांभाळलं नाहीस, तर मोठेपणी त्यालाही हाच धोका."

नवऱ्याकडे पाहावे, तर सेमिसी केव्हाच उठून ओसरीवर गेला होता. तिथली रीतच तशी: बहीण बसली असेल त्या खोलीत भावाने थांबायचे नाही, तिच्या शब्दाला शब्द द्यायचा नाही. भावाच्या मुलावर पहिला अधिकार आत्याचा. नावही तीच ठेवणार.

"नुसती बघत काय बसलीस? माझ्या भाच्याला उपाशी मारतेस?"

"वन्सं, नर्स म्हणाली..."

"नर्स! वाळलेली मासळी ती! तिला विचारून पोरं जन्माला घालायची का आपण?"

चटईवर जेवायला बसलेल्या साऱ्या बायका खदखदून हसल्या.

लोसालिनेची नजर वाइसिमाच्या डाव्या पायावर गेली. गेल्या वर्षी साखरेपायी त्याची दोन बोटे कापावी लागली होती. तिने धीर एकवटला.

"मूल तुमचंच आहे, वन्सं. तुमचं नाक येऊ दे, तुमचं हसू येऊ दे. तेवढा पाय मात्र नको हो."

हसणे थांबले. वाइसिमाने हळूच पाय पदराआड घ्यावा तसा कमरेला गुंडाळलेल्या चटईखाली ओढला. मग तिने ते पुडके स्वतःकडे घेतले.

"मी पोटात होते तेव्हा आईनं हेच खाल्लं होतं," ती पुटपुटली. "राहू दे. नको तर नको."

लोसालिनेने श्वास सोडला. तोवर वाइसिमाने पेयाचा मोठा जग पुढे ओढला होता. कलिंगडाचा गर, नारळाचे दूध, आणि वर डब्यातले घट्ट गोड दूध, डबा पार तळापर्यंत निपटून. तिने पेला भरून लोसालिनेपुढे ठेवला.

"हे तर फळ आहे. आत्याच्या हातचं. आता याला नाही म्हणशील?"

सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. एकाच जेवणात नणंदेला दुसऱ्यांदा नकार, असे त्या घरात कधी घडले नव्हते. दारातून सेमिसीची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

लोसालिनेने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि रिकामा केला. पोटात बाळाने कूस बदलली. तिचा हात आपसूक तिथे गेला.

"बघ, आवडलं त्याला!" वाइसिमा प्रसन्न होऊन म्हणाली आणि तिने पेला पुन्हा काठोकाठ भरला.