बूट काढेपर्यंत घंटा

मी शाळेच्या ग्रंथालयातली शिडी बोलतेय. मान वर करून ऐका. माझ्याशी खाली बघून बोललेलं मला खपत नाही.

फिनलंडातल्या भूर्जाच्या लाकडाची मी. सुतारानं एक पायरी तिरकी बसवली, खाली चाकं लावली, आणि तोरा मात्र मी माझा मीच लावून घेतला. मुलं पुस्तकांसाठी कुठली, माझ्यावर चढायला येतात, अशी माझी पक्की समजूत. तोंड कायम वरच्या फळीकडे. दाराकडे बघण्याचा कमीपणा मी कधी घेतला नाही.

जेवण उरकलं की बर्फाळ पटांगण ओलांडून पोरांचा लोंढा यायचा. दारात बूट काढून मोज्यांवर आत. त्या बाबतीत ग्रंथपाल हिल्काबाई सख्ख्या भावालाही सोडत नसत. सायमी नावाची मुलगी माझ्या तिसऱ्या पायरीवर बसूनच वाचायची.

मग नवं वेळापत्रक आलं. शाळा लवकर सुटावी म्हणून मुख्याध्यापक रायमोनं जेवणानंतरची मोठी सुट्टी छाटली आणि उरलेले तुकडे दिवसभर पेरले. मुलं दिसेनाशी झाली.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. करकरते फार. हिल्काबाईंनी जवसाचं तेल चोळलं, तशी मी नवरीसारखी चमकले आणि वाट बघत बसले. चिटपाखरू फिरकलं नाही.

हिल्काबाईंनी बैठकीत दोनदा सांगून पाहिलं की सुट्टी पुरत नाही. रायमोचं एकच, हल्लीच्या पोरांना वाचायलाच नको. उन्हाळ्यात ग्रंथालय बंद, तिथे व्यायामाची यंत्रं येणार. म्हणजे बाईंची नोकरी गेली, आणि मी कुणाच्या तरी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत.

गुरुवारी जेवणघरात, वाटाण्याच्या सुपाचं ताट परत ठेवता ठेवता, बाईंनी रायमोला गाठलं. सुट्टीची घंटा झाली की मुलांबरोबर निघ, म्हणाल्या, आणि वरच्या फळीवरचं एक पुस्तक घेऊन वर्गाच्या घंटेआधी परत जा.

थोड्या वेळानं दारात रायमोच्या धापा ऐकू आल्या. मग धडपड. नाडीच्या गाठीत बर्फ गोठलेला.

"हिल्काबाई, आजच्या दिवस बुटांनिशी येऊ द्या की."

"पोरांना येऊ देते का मी? मग तू कोण लागून गेलास?"

अखेर मोज्यांवर धावत येऊन त्यानं माझ्या तिरक्या पायरीवर पाय ठेवला, आणि वर्गाची घंटा झाली. तो दचकला, मी गर्रकन फिरले, आणि जन्मात पहिल्यांदा दार पाहिलं.

दारात सायमी. एक बूट पायात, एक हातात. मागे आणखी पोरं, तशीच.

"मी रोज इथपर्यंतच येते," ती म्हणाली.

 रायमो तिसऱ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला.

पुढच्या सोमवारपासून सुट्टीचे तुकडे पुन्हा जोडले गेले, छाटलेला वेळही परत आला. शाळा उशिरा सुटते म्हणून आया कुरकुरतात; कुरकुरू देत. हिल्काबाई आहेत, मीही आहे. सायमी मात्र आता एवढी उंच झालीय की तिला माझी गरजच पडत नाही. गेला तोरा.

तेव्हा बाबांनो, मुलं वाचत नाहीत म्हणण्याआधी त्यांना बूट काढण्यापुरता तरी वेळ द्या. आणि मला दाराकडे तोंड करून ठेवा. तेवढा कमीपणा मी आता घेईन.