स्टेजवरच्या बारा जणी

आमच्या कॉलेजात मुलींची अमेरिकन फुटबॉलची टीम निघाली, कारण जिल्ह्यात ती दुसऱ्या कुणाचीच नव्हती. घनश्याम सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "कबड्डीत तुमचा नंबर लागत नाही. यात सगळ्या विद्यापीठात मिळून सहा कॉलेजं आहेत. खेळा, सर्टिफिकेट भेटन, भरतीत कामी येईन."

मी डिंपल, करडी गावची. आम्ही बारा जणी जमलो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका वेळी पाच जणी खेळायच्या. चेंडू घेऊन पळायचं आणि कमरेच्या पट्ट्याला लटकलेलं फडकं कुणी ओढलं की थांबायचं. कॉलेजमागे धान कापून झालेली बांधी होती, तेच आमचं मैदान. पडलं की धानाच्या खुंटांनी कोपरं सोलून निघायची. सर मोबाईलवर व्हिडिओ लावून द्यायचे आणि निघून जायचे. खरं शिकवलं ते चंदाने. ती दिघोरीची, शिकायला मावशीकडे राहायची. व्हिडिओ दोनदा बघून तिसऱ्यांदा ती स्वतः चेंडू फेकून दाखवायची.

डिसेंबर ते फेब्रुवारी पाच सामने झाले. पहिले तीन आम्ही हरलो. चौथ्यात चंदा शेवटच्या मिनिटाला पळाली, समोरची मुलगी तिच्यावर आदळली आणि चंदाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी चेंडू तिने रेषेपलीकडे नेला होता. आम्ही जिंकलो. पाचव्या सामन्याला समोरची टीमच आली नाही, तो बसल्याबसल्या आमच्या नावावर लागला. तिसरा नंबर आला.

मार्चमध्ये संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांच्या हस्ते सत्कार ठेवला. स्टेजवर बारा नावं पुकारली. त्यातली सात आमची. उरलेल्या पाच मुलींना आम्ही मैदानात कधी पाहिलंच नव्हतं. एक होती अध्यक्षांची पुतणी कामिनी. उंच टाचांच्या सॅंडलमुळे तिला स्टेजची पायरी चढवेना, तेव्हा सरांनीच तिला हात दिला. चंदा खाली तिसऱ्या रांगेत, हात गळ्यात अडकवून बसली होती. तिचं नाव आलंच नाही, आमच्यातल्या आणखी चौघींचंही नाही.

नाश्त्याच्या टेबलाजवळ मी सरांना गाठलं.

"सर, चंदाचं नाव काहून नाही?"

"ती शेवटची मॅच खेळली कुठं?"

"शेवटची मॅच झालीच कुठं? आणि कामिनी तर एक दिवस नाही आली."

सरांनी कचोरी तोंडात कोंबली, तेलकट बोटं आमच्याच टीमच्या बॅनरला पुसली. "तुले भेटलं ना? मंग कायले बोंबलून राहिली?"

मला त्यांची किळस आली. त्याहून मोठी किळस मला माझीच आली, कारण कोपरा दुमडू नये म्हणून सर्टिफिकेट मी छातीशी धरून उभी होते.

आठ दिवस ते कपाटात ठेवलं. मग विद्यापीठाला पत्र लिहिलं, खाली सही केली. चौकशीला दोघं जण आले. त्यांनी कामिनीला विचारलं, एका वेळी किती जणी खेळतात? ती म्हणाली, "अकरा."

महिनाभराने निकाल आला. आमच्या टीमचा सगळा हंगामच रद्द झाला. खोट्या पाच जणींबरोबर आम्हा सात जणींचीही सर्टिफिकेटं गेली. सरांना फक्त समज दिली. जूनमध्ये ते त्याच बांधीत दुसऱ्याच कुठल्याशा खेळाची टीम उभी करत होते आणि अध्यक्ष पहिल्या दिवशी नारळ फोडून गेले. माझ्या टीममधल्या सहा जणी मला बघून रस्ता ओलांडू लागल्या. एक तोंडावर म्हणाली, "तुयामुळं आमचंही गेलं."

मी चंदाकडे गेले. तिचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मले विचारलं असतं तं मी नको म्हटलं असतं. त्या सहा जणींनी काय बिघडवलं होतं?"

"मंग तसंच सोडून द्यायचं होतं?"

"मायासाठी नाही केलं तू. तुले घाण वाटली म्हणून केलं."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं. "अजूनही वाटून राहिली."

चंदाने मान डोलावली. तिची मावशी, देवकाबाई, दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी उठेपर्यंत तिने मान वर केली नाही.