अकरावा आठवडा

सिरा फामांताचा चेंडू डावीकडे जात होता. दर वेळी डावीकडेच, बास्केटबॉलच्या कडीला बाहेरून बोटभर घासून. उजवीकडे एकदाही नाही, आणि आखूडही कधी पडला नाही. कोच गिंदोच्या मते हे चांगलं लक्षण होतं.

"चुका चहूकडे विखुरल्या असत्या तर मी घाबरलो असतो," तो म्हणायचा. शाळेत तो गणित शिकवायचा, त्यामुळे चेंडू आत गेला की नाही यापेक्षा कुठे गेला हे तो आधी बघायचा. "तू एकाच जागी चुकतेस. म्हणजे हात एकसारखा चालतोय. कोपर तेवढं दोन बोटं आत यायचं राहिलंय, सुकटे."

"तुझं डोकं आत यायचं राहिलंय, कांद्या," सिरा म्हणायची आणि पुढचा चेंडू उचलायची.

मोप्ती शहराच्या संघातल्या बाकीच्या मुली त्याला सर म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. सिरा एकटी अरेतुरे करायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ती बोझो जमातीची, नदीवरच्या मासेमारांतली. तो दोगोन जमातीचा, कड्यावरच्या कांदे पिकवणाऱ्यांतला. या दोघांत थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. बोझोनं दोगोनला कांदेखाऊ म्हणायचं, दोगोननं बोझोला नासकी मासळी म्हणायचं, आणि दोघांपैकी कुणी रागावला तर गाव त्यालाच हसणार. पण या नात्याला एक तळ होता. कोणे एके काळी दोघांच्या पूर्वजांनी रक्ताची शपथ घेतली होती. त्या शपथेवर मागितलेलं नाकारायचं नाही, आणि त्या शपथेवर विचारलेल्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. थट्टा एवढी मोकळी होती ती या तळामुळेच.

ऑक्टोबरपर्यंत सिराचा नेम मोप्तीत सगळ्यात चांगला होता. दोन्ही हातांनी, छातीपासून, जाळं फेकावं तशी ती चेंडू फेकायची. दहातले सहा आत. मग गिंदो राजधानीत, बामाकोला, पंधरा दिवसांच्या शिबिराला जाऊन आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं तिचे हात सोडवले.

"बामाकोत तुझ्याहून वीतभर उंच पोरी आहेत. छातीपासून फेकशील तर चेंडू तुझ्या हातातून सुटायच्या आत त्या तो घरी घेऊन जातील. डोक्यावरून, एका हातानं टाकायला शिकावं लागेल."

"आणि नाही आलं तर?"

त्यानं खडू घेऊन मैदानाच्या सिमेंटवरच एक रेघ काढली. आधी ती खाली घसरली, बराच वेळ तळाशी सरपटली आणि मग वर चढून सुरुवातीच्याही वर गेली.

"बारा आठवडे," तो म्हणाला. "या बारा आठवड्यांत तुझ्याइतकी वाईट नेमबाज अख्ख्या जिल्ह्यात नसेल. लोक मला शिव्या देतील. देऊ देत. बारा आठवडे तू पहिल्या पाचात खेळशील, दहातले दहा चुकवलेस तरी."

"थट्टा की खरं?"

"खरं. शपथेवर."

सिरानं त्याच संध्याकाळपासून जुना हात सोडून दिला.

रेघ सांगितल्याप्रमाणे खाली घसरली. तिसऱ्या आठवड्यात दहातला एक. सहाव्यात दोन. आठव्यात पुन्हा एक. सामने होत राहिले आणि दर सामन्याला ती पहिल्या पाचात उभी राहत राहिली. भिंतीवर बसलेली पोरं ओरडायची, "सिरा, कडी उजवीकडे आहे गं!" सहायक कोच बोकूम दात ओठ खात गिंदोच्या कानाशी लागायचा. गिंदो मान हलवायचा, पण तिला बाहेर काढायचा नाही. एकदा सलग सात चेंडू डावीकडे गेले तेव्हा सिरानंच बाकाकडे बघून हात वर केला, मला काढ म्हणून. गिंदोनं पाठ फिरवली. त्या दिवशी घरी जाताना तिला रडू येत होतं आणि हसूही.

मग राष्ट्रीय संघाच्या निवडीची तारीख आली. सेगूच्या संघाशी होणारा सामना बघायला बामाकोहून निवड करणारे येणार होते, आणि अठरा वर्षांखालच्या संघासाठी दोन मुली उचलणार होते. पुढच्या वर्षी सिरा त्या वयात बसणार नव्हती. सामना खरा तेराव्या आठवड्यातला. तो दोन आठवडे आधी ओढला गेला. शनिवार, अकरावा आठवडा.

गुरुवारी सराव संपला तेव्हा वाऱ्यानं धूळ उडत होती आणि सगळ्या मुली तोंडाला ओढण्या बांधून बुटांचे बंद सोडत होत्या. सिरानं चौदा चेंडू टाकले होते. एक आत.

"कांद्या," तिनं हाक मारली. "शनिवारी मी आहे ना?"

गिंदो चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"तू? तू घरी बस आणि मासळी वाळव. सेगूच्या लोकांनी काय पाप केलंय, त्यांच्यापर्यंत वास पोचवायला?"

मुली खिदळल्या.

"आणि तू गेलास की अख्ख्या बसच्या डोळ्यांना पाणी येईल, त्याचं काय?"

"खरंच सांगतोय, सुकटे. येऊ नकोस. तुझ्या जागी हाबीला घेतलंय."

"हाबीला घे, हाबीच्या आईला घे, त्यांची शेळी पण घे. कडीखाली शेळीच बरी उभी राहील." आता हाबीसुद्धा हसत होती. सिरा हसता हसताच म्हणाली, "बरं, शपथेवर सांग."

गिंदोनं पिशवीची दोरी ओढली. "शपथेला पण वास लागेल बाई," तो म्हणाला आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून गेला.

शनिवारी उजाडताना सिरा पिशवी खांद्याला अडकवून बसपाशी आली. आईनं सगळ्यांसाठी तळलेली मासळी बांधून दिली होती. बोकूम दाराशी कागद घेऊन उभा होता.

"दहा नावं आहेत," तो म्हणाला. "तुझं नाही."

"तुम्हालाही सामील करून घेतलं का त्यानं?" सिरा हसली आणि पायरीवर पाय ठेवला.

बोकूमनं हात आडवा धरला. तो हसत नव्हता. पण बोकूम कधीच हसत नसे, म्हणून त्यावरून तिला काही कळलं नाही. कळलं ते खिडकीतून. तिसऱ्या रांगेत हाबी बसली होती आणि तिच्या अंगात सात नंबरचा शर्ट होता. सिराचा. हाबी आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. शेजारी कप्तान राकी होती. ती सिराकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की तिलाही हे आत्ताच, बसमध्ये बसल्यावर समजलं आहे.

गिंदो पुढच्या दारानं खाली उतरला.

"मी सांगितलं होतं तुला," तो हळू आवाजात म्हणाला. "गुरुवारी. सगळ्यांच्या देखत."

सिरानं आठवून पाहिलं. घरी बस. येऊ नकोस. तुझ्या जागी हाबीला घेतलंय. एकेक शब्द खरा होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं खरं बोलण्यासाठी जगातली ती एकच जागा निवडली होती जिथं ती त्यावर विश्वास ठेवणार नव्हती. आणि जिथं विश्वास ठेवला असता तिथं, शपथेपाशी येताच, तो मोटरसायकलवर बसून पळाला होता.

"बारा म्हणाला होतास," ती म्हणाली. "हा अकरावा आहे."

"सिरा, बस सुटायचीय."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. तिनं मासळीचं गाठोडं राकीच्या खिडकीतून आत दिलं, मुलींनी खावी म्हणून, आणि ती मागे वळली.

मोप्ती चार गुणांनी जिंकली. हाबीनं सहा गुण केले. निवड करणाऱ्यांनी राकीला उचललं आणि दुसरी मुलगी सेगूची घेतली. रविवारी राकी येऊन हे सगळं सांगून गेली. ती आनंद लपवायचा प्रयत्न करत होती आणि तो लपत नव्हता. सिरानं तिला मिठी मारली. नंतर दोन दिवस ती आईबरोबर नदीकाठी मासळी चिरत बसली.

मंगळवारी गिंदो आला. हातात वाळवलेल्या कांद्याच्या गोळ्यांची थैली होती.

"ये, ये, कडा उतरून आलास का रे?" आईनं नेहमीसारखं सुनावलं. "कांदे आणलेस? म्हणजे रडायचीच तयारी करून आलायस."

गिंदो हसला, पण अर्धवटच. उलट्या ठेवलेल्या टोपलीवर तो बसला.

"बाकावर जरी बसवलं असतं ना," तो सिराला म्हणाला, "तरी मी तुला उतरवलंच असतं. मला राहवलं नसतं. आणि आपण हरलो असतो. बाकीच्या नऊ जणींचंही तेच वय आहे."

"हे गुरुवारी सांगायचं होतंस."

"तोंड उघडलं होतं मी. थट्टाच बाहेर आली."

"मी शपथेवर विचारलं होतं."

त्यानं थैली खाली ठेवली आणि तळहात उघडे करून पुढे धरले. देवापाशी मागताना म्हातारी माणसं धरतात तसे.

"शपथेवर मागतो. परत ये. आणि राग धरू नकोस."

आईची सुरी थांबली. शपथेवर मागितलेलं नाकारता येत नाही हे तिघांनाही माहीत होतं. सिरा त्याच्या तळहातांकडे बघत राहिली. गुरुवारी ज्या शपथेपासून हा अंग चोरून गेला होता, तीच आज याला बरी सापडली होती. द्यायची होती तेव्हा नाही, मागायची होती तेव्हा.

"येते," ती म्हणाली.

"आणि राग?"

"राग धरणार नाही, सर. उद्या किती वाजता यायचं म्हणता तुम्ही?"

गिंदोचे हात तसेच पुढे राहिले. आईनं लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान खाली घालून पुन्हा मासळी चिरायला लागली.

सिरानं दिलेला शब्द तंतोतंत पाळला. वेळेआधी यायची, सगळ्यात शेवटी जायची. गिंदोनं सांगितलेली मैदानाची एकही फेरी चुकवली नाही. तिनं त्याच्याकडे रागानं एकदाही पाहिलं नाही. आठ दिवस तो तिला डिवचत राहिला. "काय सुकटे, आज नदीत पडून आलीस का?" "नाही सर." "तुझ्या वासानं कावळे पळाले बघ." "हो सर." पहिल्या दिवशी मुली हसल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या हसेनाशा झाल्या, आणि सिरा चेंडू घेऊन पुढे आली की बोलणंच थांबवू लागल्या.

तेराव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिचा एक चेंडू सरळ गेला. कडीला न शिवता आत पडला. दुसराही. तिसरा डावीकडे गेला. चौथा आत, पाचवा आत. दहा टाकून झाले तेव्हा सात आत होते. राकी किंचाळत मैदानभर पळाली. हाबीनं टाळ्या पिटल्या. बोकूमसुद्धा भिंतीवरून खाली उतरला.

गिंदो धावत आला. त्याचा चेहरा फुलून गेला होता आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

"बघितलंस, सुकटे? सांगितलं होतं ना मी? सात! सात!"

सिरानं चेंडू उचलला. वडीलधाऱ्यांना द्यावा तसा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, नजर खाली.

"बघितलं सर. तुमच्यामुळेच जमलं."

त्यानं चेंडू घेतला.

"एकदा कांद्या म्हण," तो फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "एकदाच."

"तुम्ही मोठे आहात, सर," सिरा म्हणाली आणि मुलींच्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.