काठीची साखर

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. दाराशी चपलांचा ढीग पडला होता, कारण ‘निरोगी वर्तुळा’च्या सभेला अनवाणीच यावे, असा तिथला दंडक होता. व्यासपीठावरच्या पडद्यावर एक वर्तुळ मंद उजळत होते आणि त्याच्यापुढे पांढऱ्या पोशाखातला मार्गदर्शक हात पसरून बोलत होता.

"सुई नको, रक्त नको, रांग नको! आमचे सदस्य व्हा आणि फोनच्या कॅमेऱ्यावर एक बोट ठेवा. त्या बोटात तुमचं हृदय आहे, तुमची साखर आहे, तुमचं उद्याचं दुखणं आहे. आमचं अ‍ॅप ते आजच वाचतं! डॉक्टर आता तुमच्या खिशात!"

"खिसा रिकामा झाल्यावर जागा होतेच," ताई पुटपुटल्या.

शेजारणीने डोळे वटारले. ताईंनी त्याहून मोठे वटारले. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेल्या ताईंपुढे भलेभले चळचळ कापत. पण धाकटा भाऊ, घड्याळे दुरुस्त करणारा बंडू, अलीकडे त्यांना जुमानीत नव्हता. सदस्य झाल्यापासून त्याने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. अ‍ॅप रोज हिरवे वर्तुळ दाखवीत असता गोळ्या कशाला? हे खूळ एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणून ताई आल्या होत्या.

आज अनुभव सांगण्याचा मान बंडूचाच होता. त्याने कॅमेऱ्यावर बोट ठेवले. ध्वनिक्षेपकातून फोनचा मधाळ आवाज आला, "आज कसं वाटतंय?"

"उत्तम!"

"झोप लागली?"

"उत्तम!"

"काही दुखतंखुपतं?"

"छे छे! सगळं उत्तम."

वर्तुळ हिरवेगार झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताईंचे हात मांडीवरच राहिले. रात्रभर पाणी प्यायला उठणारा माणूस झोपेला उत्तम म्हणतो? अर्थात, घराण्याची रीतच तशी. परक्याने विचारपूस केली की ‘उत्तम’ म्हणावे, आपले रडगाणे त्याच्या गळ्यात घालू नये, हे वडिलांनी दोघांकडून घोटवून घेतले होते. आणि अ‍ॅप झाले तरी परकेच की!

बंडू पायऱ्या उतरू लागला तेव्हा पांढऱ्या फरशीवर त्याच्या उजव्या पावलाचा लालसर, ओला ठसा उमटत गेला. त्याला पत्ताही नव्हता.

ताई लगबगीने त्याच्यापाशी गेल्या. "बंडू, तळवा दाखव."

बंडूने पायरीवर टेकून पाय उचलला. अंगठ्याखाली जखम होती; तिच्या कडा काळवंडल्या होत्या.

"खडा लागला असेल गं. दुखत नाही मुळीच."

"ऊठ. दवाखान्यात चल."

"ताई, चारचौघांत शोभा करू नकोस! आत्ताच हिरवं आलं, पाहिलंस ना?"

ओढून नेण्याजोगा तो लहान राहिला नव्हता. ताईंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि काठी टेकत त्या थेट व्यासपीठावर चढल्या.

"मलाही चमत्कार बघायचाय."

"या, माताजी! बोट ठेवा," मार्गदर्शक हसला.

ताईंनी काठी उलटी केली आणि तिचे रबरी टोक कॅमेऱ्यावर दाबले. फोनने तेच प्रश्न विचारले. ताईंनी बंडूचीच उत्तरे दिली. उत्तम, उत्तम, उत्तम.

वर्तुळ हिरवेगार! पडद्यावर अक्षरे उमटली : ‘अभिनंदन. तुमचे हृदय तरुण आहे.’

सभागृहात कुजबुज झाली.

"माताजी, श्रद्धा नसेल तर लहरी विस्कळीत होतात..."

"माझ्या काठीची श्रद्धा दांडगी दिसते. थांबा, आता एकच गोष्ट बदलते. काठी तीच, फोन तोच, उत्तरं वेगळी." या वेळी त्यांनी सांगितले, झोप नाही, थकवा आहे, पाय दुखतो.

वर्तुळ लाल झाले. ‘साखर वाढली आहे. विशेष सदस्यत्व घ्या.’

"काठीला साखर!" मागून कुणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

ताई हसल्या नाहीत. "बोट हा नुसता देखावा आहे. तुम्ही जे सांगता, तेच हे यंत्र आकडे लावून तुम्हाला परत ऐकवतं. बंडू, तू त्याला उत्तम म्हणालास, म्हणून ते तुला उत्तम म्हणालं. तुझं रक्त त्यानं कधी पाहिलंच नाही."

मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपक बंद करवला. तोवर बंडू आपल्या तळव्याकडे बघत पायरीवरच बसला होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "मला त्या पायाला फरशी लागतच नाहीये."

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, जखम उघडली. "साखरेनं पायाची संवेदना गेलीय, म्हणून दुखलं नाही. अंगठा जाईल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करते. शब्द देत नाही."

ताई बाहेर बाकावर बसून राहिल्या. थोड्या वेळाने सभेत डोळे वटारणारी ती शेजारीण त्यांना शोधत आली.

"ताई, आमच्या ह्यांनीही रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात. पुन्हा सुरू करू का? तुम्ही सांगाल तसं करते."

"माझं ऐकू नका," ताई करड्या आवाजात म्हणाल्या. "त्या मार्गदर्शकाचं ऐकलंत, आता माझं ऐकणार? फोनवरून डॉक्टर गाठता आला तर जरूर गाठा. त्यात वाईट काही नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर एक गोष्ट बदलून पाहा. बोटाच्या जागी काठी ठेवूनही उत्तर तेच आलं, तर ते उत्तर तुमचं नव्हे. मी डॉक्टर नाही. यजमानांना घेऊन या आणि आत रक्तदाब मोजून घ्या. आत्ता."

शेजारीण क्षणभर घुटमळली. मग पदर खोचून ती यजमानांना आणायला निघाली. शस्त्रक्रियेच्या खोलीवरचा दिवा अजून जळत होता.